लाल होऊनही कापणारे पोलाद

तांबट आणि लोहार दोघेही धातू भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात. परिणाम मात्र उलटे होतात. ठोकून ताठ झालेला तांब्याचा पत्रा या क्रियेने मऊ पडतो. पोलादी विळा कडक होतो. असे का?

ठोकताना तांब्याच्या स्फटिकांतील थर सरकतात, एकमेकांत अडकतात आणि धातू ताठ होतो. तापवल्यावर नवे, मोकळे स्फटिक तयार होतात. पाण्याचे काम फक्त थंड करण्याचे. साध्या पितळाचेही असेच. काशाच्या प्राचीन हत्यारांची धार म्हणूनच ठोकून कडक करत असत.

पोलादाची गोष्ट वेगळी. लालभडक तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. एकदम थंड केल्यास त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो स्फटिकांत अडकून त्यांना ताणून धरतो. हाच पोलादाचा कडकपणा. पण असे हत्यार सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की कार्बन सुटू लागतो आणि हत्याराचे 'पाणी उतरते'. लेथवर वेगाने धातू कापला की एवढी उष्णता सहज निर्माण होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांचा वेग हत्याराच्या टोकाशी अडला होता.

१८६८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टन मिसळलेले पोलाद केले. ते पाण्यात न बुडवता, नुसत्या हवेतच कडक होई. पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात १८९८ च्या सुमारास फ्रेडरिक टेलर आणि धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट हे हत्यारे निरनिराळ्या तापमानांना तापवून पाहत होते. सुमारे ८४५ अंशांच्या पुढे तापवलेले हत्यार बिघडते, हा कारागिरांचा अनुभव होता आणि तो खरा ठरला. पण दोघे तिथे थांबले नाहीत. ९४० अंशांच्या वर हत्यार पुन्हा सुधारू लागले. वितळण्याच्या बेतापर्यंत तापवलेले तर सर्वांत सरस निघाले! टंगस्टन व क्रोमियम यांची कार्बनशी झालेली संयुगे तेवढ्या उष्णतेतच पुरेशी विरघळतात आणि पोलादाचा कडकपणा सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकवतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या हत्याराचे टोक लाल झाले, तरी कापणे चालूच होते. हेच 'हायस्पीड स्टील'.

टेलर यांनी १९०६ साली आपल्या २६ वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तान्त मांडला. त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक धातूचा कीस झाला होता. नव्या हत्यारांचा वेग जुन्या लेथना झेपेना. यंत्रे अधिक भक्कम बांधावी लागली. माणसांचे काय? याच टेलर यांनी कामगारांचे काम घड्याळ लावून मोजण्याची पद्धत रूढ केली. १९११ साली वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांनी तिच्याविरुद्ध संप केला. पोलादाची सहनशक्ती वाढवता आली, म्हणून माणसाचीही तशीच वाढवता येते का, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

वर्गात एक छोटा प्रयोग करता येईल. तांब्याची जाड तार वारंवार वाकवून ताठ करा. शिक्षकांनी ती चिमट्यात धरून ज्योतीत लाल करावी व पाण्यात बुडवावी. मग शिवणाच्या सुईवर हीच क्रिया करावी. गार झाल्यावर डोळ्यांना चष्मा लावून, पकडीने दोन्ही वाकवून पाहा. तार लवेल, सुई मोडेल. कारण विद्यार्थ्यांनाच विचारा.