मांजरपाटातली मेंढरं

एक जाड स्वेटर घ्या आणि एक मोठा रुमाल. स्वेटर थंडीसाठी, रुमाल घामासाठी. आपण जातोय तिथे दोन्ही एकाच शिडीच्या दोन टोकांना आहेत.

वर्ष १८८२. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं पोर्ट चाल्मर्स बंदर. फेब्रुवारी आहे, म्हणजे इथला उन्हाळा उतरणीला लागलाय. धक्क्यावर तुमच्या नाकात आधी डांबर शिरतं, मग कोळशाचा धूर, आणि त्या दोन्हींच्या खालून ओल्या लोकरीचा तेलकट वास. हा वास या मुलखात कुठेही गेलात तरी पाठ सोडत नाही. माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पटीने जास्त! त्यांची लोकर जगभर जाते. मांसाला मात्र खाणारी तोंडं नाहीत. म्हणून म्हातारी मेंढी मोठ्या कढईत उकळायची, चरबी काढून मेणबत्त्या-साबणासाठी पाठवायची आणि उरलेलं टाकून द्यायचं. त्या कढयांच्या वाऱ्याला एकदा उभं राहून बघा. दोन दिवस जेवण गोड लागणार नाही.

आणि तिकडे लंडनमध्ये मटण महाग म्हणून कामगाराच्या घरी ते रविवारी आलं तर आलं.

समोर उभं आहे ते ‘डनेडिन’. तीन डोलकाठ्यांचं देखणं शिडाचं जहाज, पण नीट बघा, शिडांच्या मधोमध एक धुराडं उभं आहे. जहाज चालतं वाऱ्यावरच. हे धुराडं पोटातल्या थंडीसाठी आहे. कान द्या. धप्प... धप्प... धप्प. पायाखालच्या फळ्या थरथरताहेत. हा आवाज लक्षात ठेवा, पुढचे तीन महिने तोच तुमचा सोबती.

यंत्राचं नाव बेल-कोलमन. त्याची युक्ती तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना पंप तापतो ना? आणि वॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला गार लागते. बस्स, तेवढंच. वाफेच्या जोरावर हवा दाबायची, तापलेली हवा समुद्राच्या पाण्याने निववायची, मग मोकळी सोडायची. ती इतकी गारठते की लाकडी नळांतून जहाजाच्या पोटात जाताना सोबत बर्फाचा भुगा घेऊन जाते. त्यासाठी दिवसाला ३ टन कोळसा जाळावा लागतो. आग पेटवून थंडी करायची ही कल्पना मला अजूनही चकित करते.

आता शिडी उतरा. स्वेटर!

पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ होतात. कंदील पुढे धरलात की ओळीने रचलेली पांढरी गाठोडी दिसतात. मांजरपाटात शिवलेली मेंढरं. एकावर बोटाने टकटक करा, दारावर केल्यासारखा आवाज येतो. ४,३३१ मेंढ्या, ५९८ कोकरं, २२ डुकरं, शिवाय लोण्याची पिंपं आणि दोन हजारांवर जिभा. ओमारूजवळच्या टोटारा मळ्यावर कापून, रेल्वेने इथे आणून हा माल जहाजातच गोठवलाय. मळ्याची व्यवस्था पाहणारे थॉमस ब्रायडन आणि ही सगळी खटपट उभी करणारे विल्यम डेव्हिडसन यांनी पहिली काही मेंढरं स्वतःच्या हातांनी इथे रचली. साहेबवर्गातली माणसं या गारठ्यात उतरून ओझी वाहतात, त्यावरूनच ओळखा, किती जीव गुंतलाय.

गुंतणारच. डिसेंबरात मालाची भरणी चालू असताना क्रँकशाफ्ट मोडला. धपधप थांबली. उन्हाळ्याचे दिवस, आत रचलेला माल घाम गाळायला लागला. सगळा बाहेर काढून तिथल्याच बाजारात विकावा लागला. दुरुस्तीत महिना गेला. त्यामुळे बंदरावरचा प्रत्येकजण बोलता बोलता मध्येच गप्प होऊन कान देतो.

मटण खात नसलात तरी नाक मुरडू नका. नाशिकची द्राक्षं न्हावाशेव्याहून गारेगार होऊन रॉटरडॅमला उतरतात, त्यांच्या आधी ही वाट अशाच जहाजांनी मळली आहे. ‘डनेडिन’ही अगदी पहिलं नव्हे. दोन वर्षांपूर्वी ‘स्ट्रॅथलेव्हन’ नावाची आगबोट ऑस्ट्रेलियाहून गोठवलेलं मांस लंडनला घेऊन गेली होती, पण तो सुमारे ४० टनांचा वानवळा होता. हा खरा बाजाराचा माल आहे.

१५ फेब्रुवारी. दोर सुटले.

पहिले काही आठवडे दक्षिणेचा समुद्र तुम्हाला धरून आपटतो. कपडे वाळत नाहीत, झोळीत झोप लागत नाही, ताटात खारवलेलं मांस आणि दगडासारखं बिस्किट. खाली हजारो ताज्या मेंढ्या आणि वर हा खलाशांचा शिधा! धुराड्यातून ठिणग्या उडतात, शिडावर पडतात, एकदा नव्हे अनेकदा शीड पेटतं. बादली घेऊन धावणं हेही तुमचं कामच. पण बाहेरची हवा गार आहे, यंत्राला फार कष्ट नाहीत.

मग जहाज उत्तरेला वळतं आणि तुम्ही विषुववृत्ताच्या तव्यावर येता.

वारा पडतो. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबतात. फळ्यांच्या फटींतलं डांबर विरघळून तळव्याला चिकटतं. भट्टीपाशी कोळसा ओतणारा माणूस दर काही मिनिटांनी वर येऊन माशासारखं तोंड उघडतो. धप्प, धप्प चालू आहे, तरीही पोटातली थंडी सगळीकडे सारखी पोचत नाही. हवा खेळतच नाही. कोपऱ्यातली गाठोडी मऊ पडली तर? कॅप्टन जॉन व्हिटसन एकेक माणसाकडे बघतो आणि मग कुणालाच पाठवत नाही. करवत घेऊन तो स्वतः हवेच्या नळात शिरतो, सरपटत, पोटावर. हवेला वाट मिळावी म्हणून जास्तीची भोकं पाडायला.

तुम्ही नळाच्या तोंडाशी उभे. पाठीवर ऊन, चेहऱ्यावर बर्फाचा वारा. आतून करवतीचा खर्र खर्र आवाज येतो. मग अंतर जास्त पडत जातं. मग खर्र येतच नाही.

हाक मारली, उत्तर नाही. दोर आणा! दोर बांधून त्याला ओढून बाहेर काढतात तेव्हा त्याचा जीव जेमतेम धुगधुगतोय. ज्या उन्हाला सगळे सकाळपासून शिव्या देत होते, त्याच उन्हात डेकवर त्याला निजवतात, हातपाय चोळतात. बऱ्याच वेळाने तो शुद्धीवर येतो. भोकं पडलेली असतात.

९८ दिवसांनी लंडन. थेम्सचा गढूळ वास, भोंगे, घोड्यांच्या नालांचा खडखडाट. माल स्मिथफील्डला जातो, तेव्हा तुम्हीही जा. उजाडायच्या आत तिथे अशी गर्दी की कोपर हलवायला जागा नाही. खांद्यावर अख्खी धडं घेतलेले हमाल ओरडत वाट काढताहेत, पायाखाली भुसा, वर गॅसचे दिवे फुसफुसताहेत. खाटीक मांजरपाटाची शिवण सुरीने उसवतो. वास घेतो. पुन्हा घेतो. अंगठा दाबतो, चरबीचा रंग दिव्याशी नेऊन बघतो. तुमचाच श्वास अडकतो. मग तो काही न बोलता पुढचं गाठोडं ओढतो. जवळजवळ पाच हजार धडांत फेकून द्यावं लागलं ते एकच.

थकून तुम्ही जहाजावर परतता. पोट रिकामं झालंय, तिथे आता नुसतं ओलं लाकूड. झोळीत अंग टाकता आणि डोळा लागतो. खाली कुणीतरी भट्टीतले निखारे ओढून काढतं. धप्प... धप्प... आणि नाही.

तुम्ही दचकून उठता आणि शिडीकडे धावता.