हॉलच्या भाड्याची वही

लालबागच्या ज्या शाळेच्या कचेरीत मी 31 वर्षं कारकुनी केली, तिथे माझ्या टेबलाच्या खणात दोन वह्या असायच्या. एक फीची, दुसरी हॉलच्या भाड्याची. फीच्या वहीत लाल शाईतली बाकी फार. हॉलच्या वहीत मात्र मे महिना आणि दिवाळीनंतरचे रविवार कितीतरी आधी भरलेले: कोकणातल्या ग्रामस्थ मंडळांच्या सभा, नमन, कुणाच्या मुलीचं लग्न. अनामत वेगळी, खुर्च्यांचे वेगळे, झाडलोटीचे वेगळे. शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून व्हायचा. वीजबिल, खडू, गळके नळ हे सगळं या दुसऱ्या वहीवर. इमारत देणगीतून झाली, त्या दात्याचे उपकार मी मानतेच. पण शाळा रोज उघडायची तर दर महिन्याला पैसा लागतो, आणि तो कुठून येणार हा प्रश्न गिरणगावाहूनही जुना आहे.

1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. नाना शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. शिकवायला ही तरुण मंडळीच, बिनपगारी, सकाळच्या वेळी. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. पण फुकटचं शिकवणं किती दिवस निभणार? पारशी मुलींच्या शाळांसाठी कामा कुटुंबानं पैसा दिला, तेव्हा पगारी शिक्षक आले. 1854 च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. आमच्या कचेरीतलं निम्मं काम त्याच वाटेवरचं.

परळला नारायण मल्हार जोशींनी वेगळा मार्ग धरला. 1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं. 1922 मध्ये ठाकरसी घराण्यातल्या दामोदर यांच्या नावानं हॉल झाला, आणि कामगारांची नाटकं तिथे रंगू लागली. रात्रशाळेचं गणित मला अजून आवडतं. दिवसाच्या शाळेचे वर्ग, तीच बाकं, तेच फळे. जागेचा नवा खर्च जवळजवळ नाहीच. माझे वडील गिरणीत साचेवाले. दिवसपाळी सुटली की घरी येऊन हातपाय धुवायचे, भाकरी खायची आणि शाळा गाठायची. पोरांसाठी केलेल्या बाकात त्यांचे गुडघे मावत नसत, म्हणून ते कडेला, पाय वाटेत काढून बसायचे. कपड्यांवरचा कापूस झाडल्याशिवाय वर्गात शिरायचे नाहीत.

दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार'ची प्रायोगिक नाटकं होऊ लागली. 'आविष्कार'च्या सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिकवत होत्या. दिवसा प्रार्थना, रात्री नाटक. शाळेनं हॉल भाड्यानं देणं काहींना कमीपणाचं वाटायचं. मला कधी वाटलं नाही. ज्या वस्तीत शाळा, त्याच वस्तीचं लग्नकार्य तिच्या हॉलमध्ये झालं, तर त्यात वावगं काय? वस्तीनं आपली शाळा आपणच चालवली, असंच मी म्हणेन.

पण वस्तीच खचली की दोन्ही वह्या एकदम बसतात. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. फी थकली, हे अपेक्षितच होतं. मला धसका बसला तो हॉलच्या वहीनं. मे महिन्याच्या तारखांवर एकामागून एक काट मारावी लागली. मंडळांची माणसं अनामत परत मागायला यायची. नियमानं ती परत करायची नव्हती. दारात उभा राहणारा माणूस बहुतेक वडिलांच्याच खात्यातला. मान खाली, हातात आमचीच पावती. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "द्या, बाई." मी पेटीतून नोटा मोजून दिल्या आणि पावतीवर त्या माणसाची सही घेतली. नळवाल्याचं बिल त्या वर्षी दिवाळीपर्यंत थांबलं.