शेजाऱ्याच्या शेताची फूटपट्टी

एका गावात दोघांची सारखीच कोरडवाहू जमीन. खर्च आणि मेहनतही सारखीच. एकाला एकरी सहा पोती ज्वारी झाली, दुसऱ्याला चार. दुसऱ्याची कार्यक्षमता किती? विद्यार्थ्यांना विचारून पाहा. चार भागिले सहा, म्हणजे सुमारे ६७ टक्के, हे उत्तर लगेच येईल. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे हेच सार आहे. तुलना पुस्तकी आदर्शाशी करायची नाही, तेवढ्याच साधनांत सर्वाधिक पीक काढून दाखवणाऱ्याशी करायची. फॅरेल यांनी ती अमेरिकेच्या ४८ राज्यांतील शेतीला लावून पाहिली.

भारतीय शेतकरी रूढीग्रस्त, म्हणून साधने वाया घालवतो, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानत. कॅनडाचे डेव्हिड हॉपर १९५४ मध्ये उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावी अभ्यासासाठी राहिले होते. त्यांचा प्रश्न थोडा वेगळा होता: जमीन, बैल, मजूर आणि पाणी यांची गहू, जव, वाटाणा व हरभरा या पिकांत शेतकरी केलेली वाटणी बरोबर आहे का? जवाचे थोडे पाणी गव्हाला देऊन फायदा होत असता, तर वाटणी चुकली म्हणता आले असते. पण शेतकऱ्यांच्या निर्णयांतून निघणाऱ्या किमती बाजारभावाच्या अगदी जवळ आल्या. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या ग्रंथात हा पुरावा वापरून म्हटले की शेतकरी गरीब आहे, पण अकार्यक्षम नाही. आहे तीच साधने नीट वापरा, हा उपदेश त्याला फारसा उपयोगाचा नाही. नवे बियाणे आणि शिक्षण हवे. शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वाटणी अचूक असूनही उतारा कमी पडू शकतो, म्हणून फॅरेल यांचा प्रश्न उरलाच. शिवाय त्यांच्या भागाकारात एक अन्याय होता. गारपीट झाली, कीड पडली, तरी दोष शेतकऱ्याचा! १९७७ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे यावर उपाय सुचवला. नशीब कधी पीक वाढवते, कधी घटवते. कसबातली उणीव मात्र घटवतेच. या फरकाच्या आधारे संख्याशास्त्र दोन्ही वेगळे काढू पाहते. ऑस्ट्रेलियातील बॅटीज आणि कोएली यांनी १९९२ मध्ये ही रीत सुधारून आजच्या तेलंगणातील औरेपल्लीच्या भात उत्पादकांना लावली. इक्रिसॅटने तेथे दहा वर्षे नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून हे जमले. एका हंगामाच्या आकड्यांवर असे निदान फार डळमळीत राहते. आणि जमिनीचा कस नोंदीत नसेल, तर मुरमाड रानाचा दोष अजूनही शेतकऱ्याच्याच खात्यावर चढतो.