इंद्रलाल रॉय : तेरा दिवस, दहा विमाने आणि एका घराण्याची तीन पिढ्यांची मागणी

१/
२२ जुलै १९१८. उत्तर फ्रान्समधील कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत एक ब्रिटिश एस.ई.५ए विमान कोसळले. त्याचे वैमानिक होते कलकत्त्याचे लेफ्टनंट इंद्रलाल रॉय. वय १९ वर्षे. त्याच महिन्यात त्यांच्या नावावर १० हवाई विजय नोंदले गेले होते.

२/
या पराक्रमाची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. मात्र एक भारतीय तरुण त्या विमानापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या घराण्याचा इतिहास पाहावा लागतो.

३/
त्या काळी लाखो भारतीय शिपाई साम्राज्यासाठी लढत होते. पण लढाऊ अधिकाऱ्याला मिळणारी राजाची सनद भारतीयांसाठी जवळजवळ बंद होती. भारतीय सैनिकाची मजल सुभेदार-मेजर या पदापर्यंतच जाई. नुकताच दाखल झालेला इंग्रज सेकंड लेफ्टनंटही त्याचा वरिष्ठ ठरत असे.

४/
असे बंद दार या घराण्याने आधीही उघडले होते. इंद्रलाल यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, डॉ. सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती. १८४५ मध्ये द्वारकानाथ टागोरांसमवेत वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी ते एक. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील नेमणुका पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने होत. १८५५ मध्ये प्रथमच स्पर्धा परीक्षा झाली आणि चक्रवर्ती तीत यशस्वी झाले.

५/
वडील प्यारीलाल रॉय कलकत्त्यातील बॅरिस्टर. घराणे मूळचे बारिसालजवळील लाखुटियाचे जमीनदार. इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. घरातले लाडके नाव ‘लॅडी’. विसाव्या शतकाच्या आरंभी आई ललिता रॉय सहा मुलांना घेऊन शिक्षणासाठी लंडनमध्ये राहू लागल्या.

६/
या आईची ओळख केवळ ‘वीरमाता’ एवढीच नाही. १७ जून १९११ रोजी, पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाच्या पाच दिवस आधी, सुमारे ४०,००० स्त्रियांनी मताधिकारासाठी लंडनमध्ये मिरवणूक काढली. तीत साडी नेसलेल्या भारतीय स्त्रियांचा एक छोटा गट होता. त्याचे छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यात ललिता रॉय आहेत आणि त्यांची कन्या लीलावतीही.

७/
इंद्रलाल तेव्हा १२ वर्षांचे होते. पुढे ते लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये शिकले, पोहण्यात चमकले. युद्ध सुरू झाल्यावर या शाळकरी मुलाने खंदकात वापरायच्या उखळी तोफेचा आराखडा काढून युद्ध खात्याकडे पाठवला, असे सांगतात.

८/
त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरकडे अर्ज केला, तेव्हा दृष्टिदोषाचे कारण देऊन तो फेटाळण्यात आला. मग त्यांनी आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, अशी आठवण सांगितली जाते. ५ जुलै १९१७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक मिळाली.

९/
त्या काळात या दलात पोहोचलेले भारतीय वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हरदित सिंग मलिक, एरॉल चंदर सेन, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर आणि इंद्रलाल रॉय. सेन जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. वेलिणकर जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मृत्युमुखी पडले. मलिक वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

१०/
३० ऑक्टोबर १९१७ रोजी इंद्रलाल ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ६ डिसेंबरला त्यांचे विमान कोसळले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवले गेले आणि शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, ही कथा त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. अपघात गंभीर होता, यात शंका नाही. आजारपणात त्यांनी विमानांची अनेक रेखाटने काढली. त्यांतील कित्येक आजही जतन आहेत.

११/
प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना उड्डाणासाठी अपात्र ठरवण्यात आले होते. त्यांनी वरिष्ठांचा पिच्छा सोडला नाही. जून १९१८ मध्ये ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, जॉर्ज मॅकेलरॉय या निष्णात आयरिश वैमानिकाच्या हाताखाली, पुन्हा आघाडीवर आले.

१२/
आणि मग ते तेरा दिवस.
६ जुलै : पहिला विजय.
८ जुलै : काही तासांत तीन.
१३ जुलै : दोन.
१५ जुलै : दोन.
१८ आणि १९ जुलै : प्रत्येकी एक.
एकूण १०, त्यांतील दोन सहकाऱ्यांसह मिळवलेले. पाच विजयांनंतर वैमानिकाला ‘एस’ म्हणत. पहिल्या महायुद्धातील हा मान मिळवणारे इंद्रलाल हे एकमेव भारतीय.

१३/
या आकड्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘विजय’ म्हणजे प्रत्येक वेळी शत्रूचे विमान नष्ट झालेच असे नाही. ते ताबा सुटून खाली जाताना दिसले, तरी त्या काळी विजय नोंदला जाई. इंद्रलाल यांचे निम्मे विजय या प्रकारचे आहेत. इतर ब्रिटिश वैमानिकांचे आकडेही याच पद्धतीने मोजले गेले.

१४/
२२ जुलैला ते पडले. नऊ दिवसांनी, ३१ जुलैला, मॅकेलरॉयही मारले गेले. सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलाल यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाला. हे पदक त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाले होते. ते मिळवणारे इंद्रलाल पहिले भारतीय.

१५/
थोरले बंधू परेशलाल हेही या युद्धात सैनिक होते. ते बचावले, मायदेशी परतले आणि मुष्टियुद्धाच्या प्रसाराला वाहून घेतले. भारतीय मुष्टियुद्धाचे जनक अशी त्यांची ओळख आहे.

१६/
इंद्रलाल इंग्रजांसाठी लढले, मग त्यांचा अभिमान का बाळगावा, असा प्रश्न आज विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण आजोबांनी परीक्षेत, आईने रस्त्यावर आणि मुलाने आकाशात एकच गोष्ट मागितली होती : बरोबरीची वागणूक. साम्राज्य आपला शब्द पाळील, असा त्या पिढीतील अनेकांचा विश्वास होता. लोकमान्य टिळक आणि गांधीजी यांनीही त्या युद्धात सैन्यभरतीला अनुकूलता दाखवली होती. टिळकांनी त्यासाठी समान हक्कांची अट मात्र घातली.

१७/
त्या विश्वासाचे काय झाले, हे लवकरच दिसले. १९१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये तिशीपुढील अनेक स्त्रियांना मताधिकार मिळाला. भारताच्या वाट्याला १९१९ मध्ये रौलट कायदा आला. इंद्रलाल यांच्या मृत्यूला नऊ महिने व्हायच्या आतच जालियनवाला बागेत गोळीबार झाला.

१८/
भारताचे स्वतःचे हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले. भारतीय माणूस लढाऊ विमान चालवू शकतो का, ही शंका घेणाऱ्यांना उत्तर १४ वर्षांपूर्वीच मिळालेले होते.

१९/
इंद्रलाल फ्रान्समधील एस्तव्हेल गावाच्या दफनभूमीत विसावले आहेत. समाधीवर बंगालीतही मजकूर कोरलेला आहे. कोलकात्यातील भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि १९९८ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ते तेरा दिवस स्मरताना १९११ च्या त्या छायाचित्रातील आईलाही विसरू नये. दोघांची लढाई वेगळी होती, मागणी एकच होती.