मुदतवाढ, ब्रिटनमधील कुशल कामगार-व्हिसाची

परदेशातून नोकरीसाठी आलेल्या कुशल कामगारास ठराविक मुदतीपर्यंत मिळालेली वास्तव्याची अनुमती, ती संपण्यापूर्वी अर्ज करून, पुढे चालू ठेवून घेण्याच्या कायदेशीर प्रक्रियेस मुदतवाढ म्हणतात. ब्रिटनमधील या प्रक्रियेचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती घडत गेला आहे. अर्जदाराने मुदतीत अर्ज केला, परंतु शासनाचा निर्णय मुदत संपल्यानंतर झाला, तर मधल्या काळात त्याची कायदेशीर स्थिती कोणती व दिरंगाईचे परिणाम कोणी सोसावयाचे, हा तो प्रश्न होय. मुदतीपूर्वी अर्ज करण्यास ब्रिटिश कायद्यात जे महत्त्व आले, ते या प्रश्नाच्या उत्तरातून आलेले आहे.

पार्श्वभूमी : परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा आधुनिक काळातील पहिला महत्त्वाचा ब्रिटिश कायदा १९०५ मध्ये संमत झाला. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९१४ मध्ये, हे निर्बंध अधिक कडक करण्यात आले. १९२० च्या परकीयविषयक आदेशान्वये, नोकरीसाठी येणाऱ्या परकीयाच्या बाबतीत, त्याच्या मालकाने कामगार मंत्रालयाकडून परवाना मिळविणे आवश्यक ठरले. परवाना मालकाला द्यावयाचा व कामगाराचे वास्तव्य त्या परवान्यावर अवलंबून ठेवावयाचे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

हे निर्बंध परकीयांपुरते होते. ब्रिटिश प्रजाजन या नात्याने भारतीयांना ते लागू नव्हते. भारत स्वतंत्र झाल्यानंतरही १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील नागरिकांचा मुक्त प्रवेश कायम राहिला. १ जुलै १९६२ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रकुल आप्रवासी कायद्याने ही स्थिती बदलली. नोकरीसाठी येणाऱ्यांना तीन वर्गांत व्हाउचरे देण्यात येऊ लागली : विशिष्ट नोकरी निश्चित झालेल्यांसाठी ‘अ’ वर्ग, उपयुक्त कौशल्य वा पात्रता असलेल्यांसाठी ‘ब’ वर्ग व इतरांसाठी ‘क’ वर्ग. १९६५ च्या श्वेतपत्रिकेने ‘क’ वर्ग रद्द केला व व्हाउचरांची वार्षिक संख्या ८,५०० वर आणली. तथापि व्हाउचर घेऊन आलेल्या व्यक्तीच्या वास्तव्यावर मुदतीची अट घातली जात नसे. त्यामुळे त्या काळात ‘ब’ वर्गातून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत गेलेल्या भारतीय डॉक्टरांपुढे (त्यांत मराठी डॉक्टरही होते) मुदतवाढीचा प्रश्न उभा राहिला नाही.

१९७१ चा कायदा : १९७१ चा आप्रवासन कायदा १ जानेवारी १९७३ रोजी अंमलात आला. या कायद्याने परकीय व राष्ट्रकुलातील नागरिक यांना नोकरीच्या बाबतीत जवळजवळ एकाच पातळीवर आणले. व्हाउचरांची जागा कामाच्या परवान्याने घेतली. परवानाधारकाला आरंभी जास्तीत जास्त बारा महिन्यांची अनुमती मिळे. ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागे आणि चार वर्षांनंतर मुदतीची अट काढून टाकली जाण्याची शक्यता असे. मुदत संपल्यावर जाणूनबुजून देशात राहणे हा गुन्हा ठरविण्यात आला. अशा प्रकारे राष्ट्रकुलातून आलेल्या कुशल कामगाराच्या जीवनात अर्जाच्या तारखेला प्रथमच निर्णायक महत्त्व प्राप्त झाले.

सुथेंद्रन खटला व १९७६ चा आदेश : या कायद्याच्या कलम १४ नुसार, ज्या व्यक्तीजवळ मर्यादित अनुमती ‘आहे’, तिला मुदतवाढ नाकारणाऱ्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत असे. या वर्तमानकाळी क्रियापदाचा अर्थ कोणता, हा मुद्दा सुथेंद्रन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. ज्याची अनुमती संपली आहे, त्याच्याजवळ ती ‘आहे’ असे म्हणता येत नाही. सबब त्याला अपिलाचा अधिकार नाही, असा निर्णय १९७६ मध्ये देण्यात आला.

शब्दार्थाच्या दृष्टीने हा निर्णय सरळ होता. परंतु त्याचे परिणाम गंभीर होते. अर्जदाराने मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला आणि गृहखात्याने तो मुदत संपेपर्यंत निर्णयाविना ठेवला, तर अर्जदाराचा कोणताही दोष नसताना त्याचा अपिलाचा अधिकार नाहीसा होण्याचा प्रसंग निर्माण झाला. शासनाने त्याच वर्षी अनुमती-परिवर्तन आदेश काढून ही त्रुटी दूर केली. मुदतीत अर्ज आला असल्यास निर्णयाच्या तारखेनंतर अठ्ठावीस दिवसांपर्यंत जुनी अनुमती आपोआप चालू राहील, अशी तरतूद या आदेशाने केली. दिरंगाईचा भार अर्जदाराच्या माथी न मारण्याचे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले. मात्र त्यासाठी अर्ज मुदतीत येणे ही अट अपरिहार्य ठरली.

कलम ३ सी : १९९९ च्या आप्रवासन व आश्रय कायद्याने हे तत्त्व आदेशातून मूळ कायद्यात आणले. १९७१ च्या कायद्यात कलम ३ सी घालण्यात आले व ते २ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आले. २००२ च्या कायद्याने या कलमाची पुनर्रचना करून अपील प्रलंबित असतानाही अनुमती चालू राहील, अशी व्यवस्था केली. २०१४ च्या कायद्यानंतर कामगारवर्गातील अर्जदारांचा अपिलाचा अधिकार संपुष्टात आला. त्याऐवजी प्रशासकीय पुनर्विलोकनाची सोय करण्यात आली आणि कलम ३ सी चे संरक्षण त्या काळालाही लागू करण्यात आले.

या कलमान्वये चालू राहणारी अनुमती ही मूळ अनुमतीचाच विस्तार असते. तिच्या मूळ अटी कायम राहतात. त्यामुळे अर्जदारास आपली नोकरी पूर्ववत करता येते. मात्र तो देशाबाहेर गेल्यास हे संरक्षण संपते. शिवाय, निर्णयापूर्वी अर्जदाराने ब्रिटन, आयर्लंड, मॅन बेट व चॅनेल बेटे यांच्या सामायिक प्रवासक्षेत्राबाहेर प्रवास केल्यास मुदतवाढीचा अर्ज मागे घेतला, असे मानले जाते. घरी आईवडिलांपैकी कोणी अत्यवस्थ असले, तरी या नियमात आपोआप सूट मिळत नाही. परदेशस्थ कामगारास या तरतुदीची झळ सर्वाधिक बसते.

मुदतीनंतर आलेल्या अर्जांबाबतचे धोरणही कठोर होत गेले. पूर्वी अठ्ठावीस दिवसांपर्यंतचा उशीर दुर्लक्षिला जाई. २४ नोव्हेंबर २०१६ पासून ही सवलत बंद झाली. तिच्या जागी चौदा दिवसांची मर्यादा आली व अर्जदाराच्या आवाक्याबाहेरचे सबळ कारण दाखविणे आवश्यक ठरले. मुदतीत केलेला अर्ज नाकारला गेल्यास, त्यानंतर ठराविक चौदा दिवसांत नवा अर्ज करण्याची वेगळी सोयही ठेवण्यात आली. उशिरा केलेला अर्ज या मर्यादेत बसला, तरी त्याला कलम ३ सी चे संरक्षण मिळत नाही.

नियमबदल व न्यायालये : मुदतीत केलेला अर्ज वास्तव्याचे रक्षण करतो; नियम बदलण्यापासून तो रक्षण करीलच असे नाही. ही गोष्ट २००६ नंतरच्या घटनांनी स्पष्ट केली. २००२ मध्ये सुरू झालेल्या अतिकुशल स्थलांतरित कार्यक्रमाखाली अनेक भारतीय व्यावसायिक कुटुंबांसह ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याच्या उद्देशाने गेले होते. नोव्हेंबर २००६ मध्ये गुणांचे निकष बदलण्यात आले व आधीच आलेल्यांनाही मुदतवाढीच्या वेळी ते लागू करण्यात आले. स्वदेशातील नोकरी व घर सोडून आलेल्या अनेकांना परत जाण्याची वेळ आली. त्यांनी स्थापन केलेल्या एचएसएमपी फोरम या संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. आधी दिलेल्या आश्वासनाशी हा बदल विसंगत असल्यामुळे तो या कार्यक्रमातील आधीच्या सदस्यांना लागू करणे बेकायदेशीर होय, असा निर्णय ८ एप्रिल २००८ रोजी देण्यात आला.

एप्रिल २००६ मध्ये परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षणविषयक नियमांतही मोठे बदल झाले. या संदर्भात आरोग्यखात्याने रुग्णालयांना दिलेल्या मार्गदर्शक सूचना भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ मध्ये बेकायदेशीर ठरविल्या. परंतु ओडेलोला खटल्यात (२००९) त्याच न्यायालयाने वेगळे तत्त्व सांगितले. नव्या नियमांत संक्रमणकालीन तरतूद नसेल, तर अर्जाच्या दिवशीचे नव्हे, तर निर्णयाच्या दिवशीचे नियम लागू होतात, असे ठरले. पुढे २०१२ च्या अल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या अधिकारालाही मर्यादा घातली. ज्या निकषावर अर्ज नाकारला जाणार, तो नियम म्हणून संसदेपुढे ठेवलेला असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हा खटलाही एका फिजिओथेरपी साहाय्यकाच्या मुदतवाढीच्या अर्जातूनच उद्‌भवला होता.

कुशल कामगार मार्ग : २००८ मध्ये जुन्या परवान्यांची जागा गुणाधारित पद्धतीने घेतली. तीत परवानाधारक मालक हा प्रायोजक ठरला व तो देत असलेले प्रायोजकत्व-प्रमाणपत्र अर्जाचा आधार बनले. १ डिसेंबर २०२० रोजी या पद्धतीच्या दुसऱ्या श्रेणीऐवजी कुशल कामगार मार्ग सुरू झाला. आरंभी २५,६०० पौंड असलेली सर्वसाधारण वार्षिक वेतनमर्यादा ४ एप्रिल २०२४ रोजी ३८,७०० पौंडांवर व २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंडांवर नेण्यात आली. या दोन्ही वेळी आधीच या मार्गावर असलेल्यांच्या मुदतवाढीसाठी संक्रमणकालीन तरतुदी करण्यात आल्या. एप्रिल २०२४ पूर्वी प्रवेश केलेल्यांसाठी ही मर्यादा २९,००० पौंड आणि जुलै २०२५ मध्ये ३१,३०० पौंड अशी ठेवण्यात आली. बदलाच्या तारखेपूर्वी ज्यांचे प्रमाणपत्र दिले गेले होते, त्यांचे अर्ज जुन्या नियमांनुसार विचारात घेण्याचीही सोय होती. म्हणजे अशा प्रसंगी काही दिवसांच्या फरकाने हजारो पौंडांच्या वेतनाचा प्रश्न निर्माण होऊ शकतो.

लवकर अर्ज : फायदे व मर्यादा : लवकर अर्ज करण्याचा अवधी अमर्याद नाही. प्रायोजकत्व-प्रमाणपत्रावरील कामाच्या आरंभाची तारीख अर्जाच्या तारखेपासून तीन महिन्यांपेक्षा दूर असता कामा नये व प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याचा उपयोग करावा लागतो. त्यामुळे व्यवहारात मुदत संपण्यापूर्वीचे सुमारे तीन महिने हाच अर्जाचा काळ ठरतो. देशांतर्गत अर्जांवरील निर्णयास सर्वसाधारणपणे आठ आठवडे लागतात, असे गृहीत धरले जाते. म्हणजे या कालखंडाच्या प्रारंभी केलेल्या अर्जाचा निर्णय बहुधा जुन्या मुदतीतच लागू शकतो.

लवकर अर्जाचा पहिला फायदा असा, की तो फेटाळला गेला तरी जुनी मुदत काही काळ शिल्लक असते आणि त्रुटी दूर करून दुसरा अर्ज करता येतो. दुसरा फायदा पुराव्यासंबंधीचा आहे. कलम ३ सी खाली अनुमती चालू असली, तरी तिची मूळ तारीख उलटून गेलेली असते. १९९६ च्या कायद्याने अनधिकृत कामगार ठेवणाऱ्या मालकास गुन्हेगार ठरविले व २००८ पासून त्याच्यावर दिवाणी दंडही बसू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक कामगारामागे ६०,००० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. अशा स्थितीत सावध मालक गृहखात्याकडून सहा महिन्यांचे सकारात्मक पडताळणीपत्र मिळवितो. मात्र नियमांची माहिती नसलेला मालक, घरमालक वा अधिकारी कायदेशीर अनुमती असलेल्या माणसाकडेही संशयाने पाहतो. निर्णय जुन्या मुदतीतच मिळाल्यास हा प्रसंग टळतो. तिसरा फायदा प्रवासाचा : निर्णय लवकर झाल्यास मायदेशी जाण्यावरील अडथळाही लवकर दूर होतो.

काही तोटेही ध्यानात घ्यावे लागतात. नवी अनुमती निर्णयाच्या दिवसापासून सुरू होते व प्रमाणपत्रावरील कामाच्या अंतिम तारखेनंतर चौदा दिवसांनी संपते. जुन्या मुदतीतील उरलेले दिवस तीत मिळविले जात नाहीत. कायम वास्तव्यासाठी लागणारा काळ २००६ मध्ये चारऐवजी पाच वर्षे करण्यात आला. मुदतवाढीची अंतिम तारीख ठरविताना हा काळ पूर्ण होतो की नाही, हे पाहिले नाही, तर थोड्या दिवसांसाठी आणखी एक अर्ज व त्याचे शुल्क माथी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रौढांसाठीचा आरोग्य अधिभार दरवर्षी १,०३५ पौंड झाल्यापासून कुटुंबासह राहणाऱ्यास हा भार हलका राहिलेला नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी सामान्यतः दहा वर्षांची अट घालण्याचा प्रस्ताव मांडला गेला. अशी अट लागू होणाऱ्यांना मुदतवाढीची प्रक्रिया अधिक वेळा करावी लागेल, हे उघड आहे.

१९२० च्या आदेशापासून कामगाराचे वास्तव्य मालकाच्या परवान्याशी जोडलेले आहे व मुदतवाढीचा आरंभही मालकाने प्रमाणपत्र देण्यावर अवलंबून असतो. १९७६ पासून मात्र एक गोष्ट कामगाराच्या हाती राहिली आहे, ती म्हणजे अर्जाची तारीख. शासनाला निर्णयास लागणारा वेळ कायदा त्याला माफ करतो. त्याने स्वतः केलेला उशीर सहसा माफ करीत नाही. पाच वर्षांत जमविलेली नोकरी, घर आणि मुलांची शाळा या एका तारखेवर अवलंबून असते.