शांत खोलीची दोन घराणी

बाहेरचा आवाज घरात येऊ नये म्हणून लोक हौसेने जे विकत घेतात, त्यात फोमचे टोकदार चौकोन पहिले असतात. मागच्या बाजूला चिकटपट्टी असते, एका दुपारी भिंत झाकून होते. रात्री मात्र शेजारचा टीव्ही पूर्वीसारखाच ऐकू येतो. बदल होतो तो आपल्याच खोलीत: आपलं बोलणं पूर्वीइतकं घुमत नाही. यात फोमचा दोष नाही, तो मुळात त्या कामासाठी जन्मलेलाच नाही. शांत खोलीच्या इतिहासात दोन घराणी आहेत, एक आवाज अडवणाऱ्यांचं आणि दुसरं आवाज शोषणाऱ्यांचं. त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात, आणि ही गल्लत फार जुनी आहे.

अडवणारं घराणं थोरलं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो-एडिनबरोच्या दगडी बहुमजली इमारतींत एका जिन्यावर अनेक कुटुंबं राहत आणि जमिनी लाकडी असत. वरच्यांची पावलं खाली ऐकू जाऊ नयेत म्हणून कारागीर तुळयांच्या मध्ये फळ्या बसवून त्यांवर राख किंवा तसाच भराव ओतत. या थराला ते ‘डेफनिंग’ म्हणत. ध्वनीचं गणित कुणी मांडलेलं नव्हतं, पण जड वस्तू हलायला कठीण आणि जी सहज हलत नाही तिच्यातून आवाज कमी जातो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

याच घराण्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग लेखक थॉमस कार्लाइल यांचा. १८३४ पासून ते लंडनच्या चेल्सी भागात चेनी रोवर राहत होते. शेजारचे कोंबडे, भिंतीपलीकडचा पियानो आणि रस्त्यावरचे बाजेवाले यांनी ते हैराण झाले. १८५३ मध्ये त्यांनी घराच्या माथ्यावर लिहिण्यासाठी एक खोली बांधून घेतली. तिला दुहेरी भिंती होत्या आणि उजेड यायचा तो छपरातल्या झरोक्यातून. कागदावर हे चोख होतं, प्रत्यक्षात फसलं. जवळचे आवाज काहीसे दबले, पण नदीवरच्या आणि रेल्वेच्या शिट्ट्यांसारखे लांबचे आवाज आता ठळक झाले. भिंती कितीही दुहेरी असल्या तरी छप्पर आणि काच त्यांच्याइतके जड नव्हते, आणि खोली शेवटी तिच्या सर्वांत कच्च्या बाजूइतकीच शांत असते. कोंबड्यांचा प्रश्न सुटला तो वेगळ्याच मार्गाने. कार्लाइल यांच्या पत्नी जेन यांनी शेजाऱ्याशी बोलून, पैसे मोजून कोंबडे हलवायला लावले.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, १९१० मध्ये, पॅरिसमध्ये मार्सेल प्रूस्त यांनी बुलेव्हार ओसमानवरच्या आपल्या निजायच्या खोलीला कॉर्कचं अस्तर लावलं. दम्याने आजारी असलेले प्रूस्त दिवसा झोपत आणि रात्री लिहीत, त्यामुळे दिवसाची गजबज त्यांच्या झोपेवर यायची. ‘कॉर्कची खोली’ साहित्याच्या इतिहासात अजरामर झाली. पण कॉर्क म्हणजे झाडाची हलकी, हवेने भरलेली साल. ती खोलीतला घुमारा आणि काही बारीक आवाज कमी करते. रस्त्याचा जड, खर्जातला आवाज अडवण्याइतकं वजन तिच्यात नाही. आजची फोम लावलेली भिंत याच कॉर्कच्या वंशातली.

शोषणाऱ्या घराण्याला शास्त्र मिळालं ते अमेरिकेत. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं समजत नव्हतं. एकदा उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे सोपवलं. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या सबाइन रात्री उचलून आणत आणि सकाळच्या आत परत नेत. किती गाद्या ठेवल्यावर ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळात विरतो, हे ते पुन्हा पुन्हा मोजत. त्यातून खोलीचं घनफळ, शोषक पृष्ठभाग आणि निनादाचा काळ यांना जोडणारं सूत्र निघालं. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच सूत्राच्या आधाराने बांधला गेला. आवाज मऊ, सच्छिद्र वस्तूत शिरतो आणि घर्षणाने त्याची अत्यल्प उष्णता होते, हे या घराण्याचं मूळ तत्त्व.

सबाइन यांनी पुढे आवाज अडवण्याचाही अभ्यास केला. खोलीच्या आत आवाज विरवणं आणि भिंतीपलीकडे जाऊ न देणं हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्या अभ्यासातून स्पष्ट होत गेलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वजनात आहे: एकसंध भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ५ ते ६ डेसिबल जास्त अडतात. १० डेसिबलचा उतार कानाला निम्मा वाटतो, म्हणजे केवळ वजनावर शांतता मिळवायची तर भिंत झपाट्याने जाड होत जाते. यातून वाट काढली ती रेडिओच्या काळातल्या स्टुडिओंनी. एका खोलीच्या आत, तिला घट्ट न चिकटणारी दुसरी खोली; मध्ये हवेची पोकळी आणि पोकळीत शोषक भराव. इथे दोन्ही घराणी पहिल्यांदा एका छपराखाली नीट नांदली.

आपल्या फ्लॅटमध्ये हाच वारसा क्रमाने वापरायला हवा. पहिलं काम फटींचं. भिंतीच्या क्षेत्रफळापैकी फक्त १ टक्का उघडा राहिला, तर भिंत कितीही भक्कम असो, ती २० डेसिबलपेक्षा फारसं अडवत नाही. दाराखालची फट, सरकत्या खिडकीच्या रुळांमधली मोकळी जागा, एसीच्या नळीभोवतीचं भोक, पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड: इथे रबरी पट्टी, ब्रशपट्टी आणि सिलिकॉन भरलं तर थोड्या खर्चात मोठा फरक पडतो. मात्र गॅस गिझर असलेल्या बाथरूमची किंवा स्वयंपाकघराची हवा येण्याची वाट कधीही बुजवू नये. तिथे जिवाचा प्रश्न असतो.

दुसरं काम खिडकीचं. आतल्या बाजूने हातभर नाही, पण १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवून बसवलेली दुसरी जाड काच रहदारीवर चांगला परिणाम करते. तिसरं भिंतीचं: मूळ भिंतीला न टेकणारा स्वतंत्र सांगाडा, पोकळीत रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर. फोम, पडदे आणि पुस्तकांची कपाटं यांची पाळी शेवटी येते, आणि तीही खोलीतला घुमारा कमी करायला.

पावलांचा, सरकणाऱ्या खुर्च्यांचा, वॉशिंग मशीनचा आवाज मात्र हवेतून नव्हे, तर स्लॅबमधून उतरतो. खालच्या घरात कितीही खर्च केला तरी तो भिंतींच्या आडवाटेने येत राहतो. वरच्या घरातला जाड गालिचा, खुर्च्यांच्या पायांचे नमदे आणि मशीनखालचे रबरी पॅड काही शे-हजार रुपयांत जे साधतात, ते खालच्या घरातल्या महागड्या छतालाही जमत नाही. ते पॅड बसवणं दुसऱ्याच्या हातात असतं, म्हणून शांत घराचं काम आधी वरच्या मजल्यावर जाऊन मोकळेपणाने बोलण्याचं आणि सोसायटीच्या बैठकीत मांडण्याचं आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्यानंतर जावं.