पंप जुना, पंप नवा : हवेच्या बंदुकीची दोन शतकं

आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून बंदुका कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देऊ.

राजूरच्या गणपतीच्या जत्रेत फळीवरचे फुगे आपण सगळ्यांनीच फोडलेत. ती छर्र्याची बंदूक. नळी मोडली की आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि हवा त्या क्षणी दाबली जाते. म्हणजे तिच्यात हवा साठवलेली नसते. आज आपण बोलणार आहोत ते तिच्या थोरल्या बहिणीबद्दल. पंप मारून आधी हवा भरायची, मग बार काढायचा, अशी बंदूक.

साल १८०३. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबरला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची इंग्रजी फौज भिडली. तोफा होत्या, चकमकीच्या बंदुका होत्या. बार काढला की धूर. आणि प्रत्येक बारानंतर शिपायाने नळीच्या तोंडातून पुन्हा दारू-गोळी ठासायची. त्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्टच्या अखेरीस, अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर कॅप्टन मेरिवेदर लुईस लोकांना एक बंदूक दाखवत होता. तिच्यात दारूच नव्हती. बघणाऱ्या एकाच्या हातून ती चुकून उडाली आणि लांब उभ्या असलेल्या एका बाईच्या डोक्याला गोळी चाटून गेली. ती बंदूक गिरार्डोनी पद्धतीची असावी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

हा गिरार्डोनी टायरॉलकडचा कारागीर. ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याची बंदूक १७८० च्या सुमारास घेतली. बंदुकीचा दस्ता हीच हवेची टाकी. बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या. धूर नाही, ठासणं नाही, पावसात दारू भिजण्याची भीती नाही. असईच्या रणात असल्या शंभर बंदुका असत्या तर, असा विचार मनात येतोच. पण थांबा. टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार हापसे लागायचे! त्यावर तीसेक बार नीट निघायचे, आणि दाब उतरत जाईल तशी गोळी मंदावायची. जोड चामड्याच्या वॉशरचे; ते ओले ठेवले नाहीत तर हवा निसटायची. टाक्या दगा द्यायच्या, शिपायाला वेगळं शिकवावं लागायचं, आणि रणांगणावर दुरुस्त करणार कोण? १८१५ पर्यंत ही बंदूक सैन्यातून गेली. ती हरली ती नेमामुळे नव्हे, निगेमुळे.

पुढची पिढी म्हणजे अमेरिकेतली बेंजामिन. हिने हिशेबच बदलला. दीड हजार हापसे एकदम मारण्याऐवजी प्रत्येक बारासाठी थोडे मारायचे आणि एका बारात सगळी हवा सोडून द्यायची. जुन्या बेंजामिनमध्ये पंपाचा दांडा पुढच्या टोकाला असे, तो आत ढकलावा लागे. नंतर नळीखालचा लाकडी भागच तरफेसारखा झाला : उघडा, मिटा, उघडा, मिटा. ३९२ या नमुन्याला जास्तीत जास्त आठ हापसे. हापसे मोजून सारखे मारले तर पहिली गोळी आणि पन्नासावी गोळी जवळपास सारख्याच वेगाने जाते. दमतो तो माणूस.

जुनी बेंजामिन पितळ आणि लाकडाची. अलीकडच्या नमुन्यात दस्ता प्लॅस्टिकचा. कंपनीही १९९२ मध्ये क्रॉसमनकडे गेली. मग ही तीच बंदूक का? मिलिंदपञ्हात नागसेन रथाबद्दल हेच विचारतो : चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? शेवटी रथ हे व्यवहाराचं नाव ठरतं. जुन्या बंदुकीचे शौकीन पितळेसाठी हळहळतात, ते आम्हाला समजतं. पण प्लॅस्टिक पावसात फुगत नाही, हेही खरंच आहे.

आणि आजची स्पर्धेची बंदूक? तिथे चक्र फिरून गिरार्डोनीपाशी आलं. पुन्हा टाकी, पुन्हा साठवलेली हवा. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्या १० मीटर एअर रायफलच्या प्रकारात आज अशाच बंदुका दिसतात. फरक इतकाच की टाकीत सुमारे २०० बार दाबाची हवा, आणि दाब नियंत्रित करणारा झडपेचा संच, त्यामुळे गोळी मंदावत नाही. ते दीड हजार हापसे कुठे गेले? कॉम्प्रेसरकडे. कष्ट संपले नाहीत, जागा बदलून बसले.

आता आपल्या घरचा पंप घेऊ, म्हणजे हापसा. पूर्वी आपल्याकडे गावोगाव बिडाचे हातपंप बसवले जात. ते परदेशी नमुन्यावरचे, एका कुटुंबाच्या वापराचे. इथे सगळं गाव दिवसभर हापसणार, मग मोडणारच. मिशनऱ्यांच्या विहिरींच्या कामातून इथे पोलादी, मजबूत हातपंप तयार झाला. तो जालना पंप. त्यावरून सोलापूर पंप, आणि १९७० च्या दशकात त्यातून इंडिया मार्क टू. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या हापशाच्या वंशावळीत आपल्या जालन्याचं नाव आहे, श्रोतेहो! पण मार्क टूचं वॉशर बदलायचं तर सगळे पाइप वर काढावे लागत. पथकाची गाडी येईपर्यंत गाव कोरडं. म्हणून मार्क थ्री आला : पाइप जागेवरच ठेवून दट्ट्या वर ओढता येईल असा. पाणी तेवढंच, पण दुरुस्ती गावाच्या हातात.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही तरुण होतो. पंप आहे आणि पाणी नाही, हे दृश्य आम्ही पाहिलंय. तेव्हा एक गोष्ट मनात बसली. जमिनीखाली पाणी असून वरती वॉशर नसेल, तर त्या यंत्राचा मोठेपणा कोणाला सांगायचा?

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर. जुनं चांगलं की नवं, हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. विचारायचं ते असं : याचे कष्ट कोणावर पडतात, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? गिरार्डोनीची बंदूक काळाच्या पुढे होती, पण हे विचारायचं राहून गेलं. मार्क थ्रीच्या कर्त्यांनी ते विचारलं. तत्त्वज्ञानाचं काम याहून वेगळं काय असतं?